जोडी आणि जोडीदार

१

माझ्याकडे खेळांच्या बातम्यांच्या कात्रणांच्या अकरा वह्या आहेत. त्यांतल्या तीन केवळ टेबल टेनिसच्या. ही सवय नोकरीत लागली. साखर कारखान्याच्या भांडार विभागात वर्षानुवर्षे आवक-जावक लिहिणारा माणूस घरी आल्यावरही काही ना काही नोंदवत बसतो. संशोधनाची पद्धत मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलेली नाही. नोंद करायची, पुन्हा तपासायची आणि हिशेब जुळला नाही तर आधी स्वतःच्या बेरजेवर संशय घ्यायचा, एवढेच मला येते. प्रस्तुत लेख अशाच एका न जुळलेल्या बेरजेतून निघाला आहे.

वह्या चाळताना एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा समोर येतो : ‘रौप्यपदकावर समाधान मानावे लागले’. राष्ट्रकुल स्पर्धा, पुरुष दुहेरी, ग्लासगो २०१४. पुरुष दुहेरी, गोल्ड कोस्ट २०१८. पुरुष दुहेरी, बर्मिंगहॅम २०२२. तीन स्पर्धा, तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा भारताचे रौप्य आणि तिन्ही वेळा हेच समाधान. ‘समाधान’ या शब्दाला आपल्या संतांनी केवढ्या उंचीवर नेऊन ठेवले होते! क्रीडापानाने तो पराभवाचा दुसरा शब्द करून टाकला. माझी तक्रार मात्र भाषेच्या शुद्धतेची नाही. या एका वाक्याखाली आपण काय काय झाकून ठेवले, ते मला पाहायचे आहे.

झाकणाऱ्यांत मीही आहे, हे आधीच सांगतो. २०२२ साली बर्मिंगहॅमची स्पर्धा संपल्यावर एका छोट्या नियतकालिकात मी टिपण लिहिले होते. चाळिशीचा शरथ कमल एकाच वेळी चार प्रकारांत खेळत होता, तो दमला आणि म्हणून दुहेरीचे सुवर्ण गेले, असा त्याचा मथितार्थ. टिपण छापून आले, दोघाचौघांनी बरे म्हटले. ते चुकीचे होते. का चुकीचे होते, हे शोधताना पुरुष दुहेरी या खेळाकडेच नव्याने पाहावे लागले.

२

बर्मिंगहॅममधल्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात एका बाजूला अचंता शरथ कमल आणि जी. साथियान होते, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचे पॉल ड्रिंकहॉल आणि लियाम पिचफोर्ड. चार वर्षांपूर्वी गोल्ड कोस्टलाही अंतिम सामन्यात हीच चार माणसे समोरासमोर होती. दोन्ही वेळा इंग्लंड जिंकले. गोल्ड कोस्टला भारताच्या बाजूने गुण ११-५, १०-१२, ९-११, ८-११ असे होते. बेरीज करून पाहिली : भारत ३८, इंग्लंड ३९. एका गुणाचा फरक. बर्मिंगहॅमला पाच गेम झाले : ११-८, ८-११, ३-११, ११-७, ४-११.

आता त्याच बर्मिंगहॅममधली एकेरी पाहू. योगायोग असा, की एकेरीच्या शेवटच्या चारांत नेमके हेच चौघे होते. त्यामुळे दुहेरीत जे एकमेकांसमोर उभे होते, तेच त्याच दोन दिवसांत एकेकटे भिडले. संशोधकाला अशी संधी क्वचित मिळते. शरथने उपांत्य सामन्यात ड्रिंकहॉलला ४-२ असे हरवले. पिचफोर्डने साथियानला ४-१ असे हरवले. अंतिम सामन्यात शरथने पिचफोर्डला ४-१ हरवून सुवर्ण घेतले. कांस्यपदकाच्या लढतीत साथियानने ड्रिंकहॉलला ४-३ हरवले. दोन भारतीय आणि दोन इंग्लिश खेळाडूंमध्ये एकेरीच्या जेवढ्या लढती संभवतात, त्या चारही झाल्या. तीन भारताने जिंकल्या. गेम मोजले तर भारताचे तेरा, इंग्लंडचे दहा.

वहीत मी हे दोन रकाने शेजारी शेजारी लिहिले आणि थांबलो. एकेक करून सरस ठरलेले दोघे एकत्र उभे राहिले की हरतात, आणि एकदा नाही, चार वर्षांच्या अंतराने दोनदा. माझ्या ‘दमला’ या निदानाला इथेच तडा गेला. शरथने त्याच दिवशी श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले होते, आणि दुसऱ्या दिवशी एकेरीचे. दमलेला माणूस एक सामना हरून चोवीस तासांत दोन सुवर्णपदके घेऊन जात नाही. शिवाय एकेरीच्या उपांत्य फेरीचा ताण ड्रिंकहॉल आणि पिचफोर्ड यांनाही होताच.

मग फरक कशाचा? उत्तर खेळाडूंच्या अंगात शोधण्याआधी मी ते नियमांत शोधायचे ठरवले.

३

टेबल टेनिसचे टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद असते. एकेरी असो की दुहेरी, टेबल तेवढेच. लॉन टेनिसमध्ये दुहेरीसाठी मैदान दोन्ही बाजूंनी वाढते, बॅडमिंटनमध्येही वाढते. इथे एक इंचही वाढत नाही. त्या दीड मीटरच्या मागे दोन धडधाकट माणसे उभी राहतात, आणि त्यांना आळीपाळीने फटका मारावा लागतो. लॉन टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये जो जवळ असेल त्याने चेंडू घ्यावा. टेबल टेनिसमध्ये ज्याची पाळी असेल त्यानेच घ्यायचा. चेंडू तुमच्या पोटापाशी आला, पण पाळी जोडीदाराची असेल, तर तुम्ही तिथे नसायला हवे.

या एका नियमाने सगळा खेळ उलटा होतो. एकेरीत तुमच्या फटक्याचे फळ तुम्हाला मिळते. जोरदार फटका मारला, समोरून कसाबसा उंच चेंडू आला, की तो मारायला तुम्हीच असता. दुहेरीत ते फळ जोडीदाराच्या पदरात पडते, आणि तुमची चूकही त्याच्याच पदरात पडते. म्हणून दुहेरीतल्या फटक्याची किंमत तो किती वेगवान होता यावर ठरत नाही. त्या फटक्याने पुढचा चेंडू जोडीदाराकडे कसा आला, यावर ठरते. आणि फटका मारून झाल्यावर दुसरे काम सुरू होते : बाजूला होणे. या खेळाची निम्मी कला हातात बॅट असताना, पण चेंडू आपला नसताना केलेल्या हालचालीत आहे. छायाचित्रात ती येत नाही, कारण छायाचित्रकार चेंडूकडे पाहत असतो. वार्ताहरही.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी कामगार कल्याण केंद्रात एक टेबल होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे एकेरीत मी पहिला असायचो आणि माझा जोडीदार दुसरा. जिल्ह्याच्या स्पर्धेत दुहेरीच्या अंतिम सामन्यात आम्हाला पन्नाशीच्या दोन कारकुनांनी हरवले. एकेरीत त्यांतल्या एकालाही मी पंधरा गुणांपुढे जाऊ दिले नव्हते. त्या पराभवाचा दोष मी मनातल्या मनात जोडीदाराला दिला, आणि तीसेक वर्षे दिला. २०२२चे माझे टिपण वाचून त्याचा फोन आला. आधी इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, “तुझा फोरहँड चांगलाच होता रे. पण मारून झाला की तू तिथंच उभा राहायचास. बघत.”

मी काही बोललो नाही. तो पुढे म्हणाला, “आमच्या आबांनी कधी बैल घेतला नाही. जोडी घ्यायचे. बाजारात एकेक बैल कितीही देखणा दिसू दे, जुवाखाली चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.”

हे विधान कुठल्याही क्रीडाशास्त्राच्या ग्रंथात मला इतक्या नेमकेपणाने सापडले नाही.

नियमाकडे परत येतो. दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्याने चेंडू आपल्या उजव्या अर्ध्या भागातून समोरच्याच्या उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे तिरपा, टाकायचा असतो. त्यासाठीच टेबलाच्या मधोमध तीन मिलिमीटर रुंदीची पांढरी रेघ असते. एकेरीत तिला काही काम नसते. परिणाम असा, की चेंडू कुठल्या बाजूला येणार हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते. एकेरीत ज्याच्या सर्व्हिसचा धाक असतो त्याचे निम्मे शस्त्र इथे काढून घेतलेले असते. सर्व्हिस आखूड ठेवणे, ती तितक्याच आखूड परतवणे आणि तिसरा फटका जोडीदाराला उचलता येईल असा चेंडू आणून देणे, या तीन कामांवर दुहेरीचे बरेचसे गुण ठरतात. तिन्ही कामे दिसायला किरकोळ आहेत.

आणखी एक बारकावा आहे. समजा एका जोडीत अ आणि ब, दुसऱ्या जोडीत क आणि ड. अ-ने क-ला सर्व्हिस केली, तर पुढे क ब-ला करतो, ब ड-ला, ड अ-ला. याचा अर्थ त्या संपूर्ण गेममध्ये अ-चा चेंडू नेहमी क-कडेच जातो आणि ब-चा ड-कडेच. पुढच्या गेममध्ये क्रम उलटतो. निर्णायक गेममध्ये एक जोडी पाच गुणांवर पोहोचली की तो मध्येच उलटतो. त्यामुळे कोणाचा चेंडू कोणाला जड जातो, हे दोन्ही बाजूंना सामन्याच्या अर्ध्यातच कळते.

बर्मिंगहॅमच्या गुणांकडे या नजरेने पाहिले तर ते बोलू लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या गेममध्ये क्रम एकच. पहिला भारताने ११-८ जिंकला, तिसरा ३-११ हरला. कोणाचा चेंडू कोणाकडे जातो हे तेच होते, माणसे तीच होती. मधल्या वेळात इंग्लिश जोडीने काहीतरी ओळखले आणि बदलले, असा माझा तर्क आहे. दुसऱ्या आणि चौथ्या गेममध्ये उलटा क्रम. दुसरा भारत ८-११ हरला, चौथा ११-७ जिंकला. म्हणजे उत्तर भारतीय जोडीलाही सापडले होते. पाचव्यात ते टिकले नाही. या सामन्यात दोन जोड्या एकमेकींना समजून घेत होत्या, पुन्हा समजून घेत होत्या. आपण त्यातून उचलले एकच वाक्य : समाधान मानावे लागले.

४

एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडू नये. म्हणून मी ऑलिंपिककडे वळलो. टेबल टेनिस ऑलिंपिकमध्ये आले ते १९८८ साली सोलला. पुरुष दुहेरी तिथपासून २००४च्या अथेन्सपर्यंत, फक्त पाच वेळा खेळली गेली. सोलच्या पहिल्या दुहेरीत भारताकडून कमलेश मेहता आणि सुजय घोरपडे खेळले होते. पाच स्पर्धा म्हणजे नोंद लहान, पण पूर्ण.

पाचही सुवर्णपदके चीनची. सोलला चेन लाँगत्सान आणि वेई चिंगग्वांग. १९९२ला बार्सिलोनात ल्यू लिन आणि वांग ताओ. १९९६ला अटलांटात काँग लिंगहुई आणि लिऊ ग्वोलियांग. २०००ला सिडनीत वांग लिचिन आणि यान सेन. २००४ला अथेन्सला चेन ची आणि मा लिन. दहा वेगवेगळी नावे. यांतल्या किती जणांना त्याच स्पर्धेत एकेरीचे कुठलेही पदक मिळाले? मोजताना मला वाटले होते चार-पाच तरी निघतील. निघाला एक : लिऊ ग्वोलियांग, ज्याने अटलांटात दोन्ही सुवर्णे घेतली. उरलेले नऊ जण त्या त्या स्पर्धेत एकेरीच्या पदकमंचावर नव्हते.

उलट बाजूनेही मोजले. या पाच स्पर्धांतले एकेरीचे विजेते : यू नाम-क्यू, यान-ओव्ह वाल्डनर, लिऊ ग्वोलियांग, काँग लिंगहुई, र्‍यू सुंग-मिन. लिऊखेरीज कोणालाही त्याच वेळी दुहेरीचे सुवर्ण मिळाले नाही. ज्याला अनेक जाणकार या खेळातला सर्वांत मोठा कलावंत मानतात, त्या स्वीडनच्या वाल्डनरकडे ऑलिंपिक दुहेरीचे एकही पदक नाही. सिडनीत तर बर्मिंगहॅमचीच कथा मोठ्या पडद्यावर घडली. काँग आणि लिऊ गतविजेते होते. त्या स्पर्धेत काँगने एकेरीचे सुवर्ण घेतले, लिऊने कांस्य. दोघे मिळून दुहेरीच्या अंतिम सामन्यात उतरले आणि वांग लिचिन व यान सेन यांच्याकडून हरले.

भारताच्या वाट्यालाही असाच एक सामना आलेला आहे, आणि तो आपण जिंकलेला आहे. २०१०, दिल्ली. राष्ट्रकुलच्या एकेरीत सिंगापूरचा यांग झी पहिला आला, गाओ निंग दुसरा, शरथ तिसरा. म्हणजे एकेरीतले पहिले दोन एकाच देशाचे. तेच दोघे दुहेरीच्या अंतिम सामन्यात भारतासमोर होते. शरथबरोबर होता सुभाजित साहा, ज्याच्या नावावर त्या स्पर्धेत एकेरीचे पदक नव्हते. सुवर्ण भारताला मिळाले. बर्मिंगहॅमच्या पराभवाने आपण चकित होतो. दिल्लीच्या विजयाने त्याच कारणासाठी चकित व्हायला हवे होते. ते झालो नाही, कारण जिंकल्यावर कोणी हिशेब तपासत नाही.

५

या मोजणीवर आक्षेप घेता येतात, आणि ते मीच आधी घेतो.

पहिला आक्षेप : एकेरीत एका देशाला मोजक्याच जागा असतात. चीनकडे इतके खेळाडू, की दुहेरीत उतरलेल्या काहींना एकेरीची संधीच नसे. हे खरे आहे. पण त्यातून माझा मुद्दा पुसला जात नाही, उलट पक्का होतो. जगात एकेरीचे सर्वांत जास्त उत्तम खेळाडू ज्या देशाकडे होते, त्यानेही दुहेरीसाठी वेगळी माणसे तयार केली. यान सेनसारखा खेळाडू प्रामुख्याने दुहेरीसाठीच ओळखला जातो. चीनच्या प्रशिक्षकांना बेरजेवर भरवसा असता, तर त्यांनी एकेरीतले पहिले दोघे उचलून जोडी केली असती.

दुसरा आक्षेप डाव्या-उजव्या हाताचा. जोडीत एक डावखुरा असला की दोघांचे फोरहँड टेबलाच्या दोन बाहेरच्या कोपऱ्यांवर येतात. फटका मारून प्रत्येक जण आपापल्या बाजूला निघतो, धडक होत नाही. पाच ऑलिंपिक विजेत्या जोड्यांपैकी चार अशाच होत्या. वेई, वांग ताओ, यान सेन आणि चेन ची हे डावखुरे. म्हणजे सगळे गुपित हाताचेच? तर नाही. काँग आणि लिऊ दोघेही उजखुरे होते आणि जिंकले. एकाची पकड हस्तांदोलनासारखी, दुसऱ्याची पेन धरल्यासारखी. गोल्ड कोस्ट आणि बर्मिंगहॅमच्या अंतिम सामन्यांत तर चौघेही उजखुरे होते. तिथे डाव्या हाताने काहीच ठरवलेले नाही. डावखुरा जोडीदार बाजूला होण्याचे काम सोपे करतो, एवढेच. ते काम करावे सर्वांनाच लागते.

तिसरा आक्षेप : नियम बदलले. सिडनीपर्यंत गेम २१ गुणांचा होता, अथेन्सला ११चा. चेंडूचा व्यासही मधल्या काळात ३८ मिलिमीटरवरून ४० झाला. मान्य. पण निकालाचे रूप जुन्या नियमांत जसे होते, तसेच नव्यात राहिले. त्यामुळे कारण आळीपाळीच्या नियमात आहे, असे मी मानतो. या सगळ्या काळात तोच तेवढा बदलला नाही.

६

आता माझ्या विवेचनाच्या मुख्य भागाकडे येतो. दुहेरीतली श्रेष्ठता दोन प्रकारची आहे असे मला दिसते, आणि आपल्या लेखनात दोन्हींसाठी शब्द नाहीत. मी त्यांना ‘जोडी’ आणि ‘जोडीदार’ म्हणतो.

जोडी म्हणजे दोन ठरावीक माणसांमधून तयार झालेली तिसरी वस्तू. ल्यू लिन आणि वांग ताओ यांनी १९९२चे सुवर्ण घेतले, चार वर्षांनी पुन्हा अंतिम सामन्यात आले. काँग आणि लिऊ १९९६ला जिंकले, २०००ला पुन्हा अंतिम सामन्यात. ड्रिंकहॉल आणि पिचफोर्ड यांची दोन राष्ट्रकुल सुवर्णे याच जातीची. इथे श्रेय एकेकट्याचे मोजताच येत नाही.

जोडीदार म्हणजे ज्याच्या शेजारी कोणीही उभा राहिला तरी त्याचा खेळ उंचावतो, असा माणूस. याचे ऑलिंपिकमधले उत्तम उदाहरण दक्षिण कोरियाचा यू नाम-क्यू. लोक त्याला सोलच्या एकेरीचा पहिला विजेता म्हणून ओळखतात. माझ्या वहीत तो वेगळ्या कारणासाठी अधोरेखित आहे. १९८८ला अन जे-ह्युंगबरोबर दुहेरीचे कांस्य, १९९२ला किम ताक-सूबरोबर कांस्य, १९९६ला ली चुल-संगबरोबर कांस्य. तीन ऑलिंपिक, तीन जोडीदार, तीन पदके. दर चार वर्षांनी शेजारचा माणूस बदलला, आणि दर वेळी यू-ने नव्या माणसाच्या पावलांशी आपली पावले जुळवून घेतली.

हा रकाना लिहून झाल्यावर मी भारताची वही उघडली आणि शरथ कमलची नोंद त्याच तऱ्हेने पुन्हा मांडली. २०१० : सुभाजित साहाबरोबर, अंतिम सामना, सुवर्ण. २०१४ : अँथनी अमलराजबरोबर, अंतिम सामना, रौप्य. २०१८ : साथियानबरोबर, अंतिम सामना, रौप्य. २०२२ : पुन्हा साथियानबरोबर, अंतिम सामना, रौप्य. सलग चार राष्ट्रकुल स्पर्धा, तीन जोडीदार, चार अंतिम सामने. दिल्लीत तो अठ्ठावीस वर्षांचा होता, बर्मिंगहॅमला चाळीस.

एवढी वर्षे मी ही नोंद ‘एक सुवर्ण, तीन रौप्य’ अशी वाचत होतो. ‘कोणाबरोबर’ हा रकाना मी कधी आखलाच नव्हता. मार्च २०२५मध्ये चेन्नईतल्या स्पर्धेनंतर शरथ निवृत्त झाला. त्या निमित्ताने आलेले लेख मी जपून ठेवले आहेत. २००६चे मेलबर्नचे एकेरीचे सुवर्ण आणि सोळा वर्षांनी बर्मिंगहॅमचे, या दोन टोकांमध्ये बहुतेकांनी त्याची कारकीर्द बांधली. ते चूक नाही. पण माझ्या मते त्याच्या मोठेपणाचा अधिक कठीण पुरावा त्या चार अंतिम सामन्यांत आहे. एकेरीतला मोठा खेळाडू स्वतःचा खेळ घेऊन येतो. बारा वर्षांत तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर चार वेळा अंतिम सामन्यात पोहोचणाऱ्याने स्वतःचा खेळ दर वेळी थोडा सोडला असला पाहिजे. हे सोडणे पदकतालिकेत दिसत नाही. तीन वेळा ते रौप्याच्या खाली गाडले गेले, आणि वर आपण समाधानाचा दगड ठेवला.

ड्रिंकहॉल आणि पिचफोर्ड यांच्यापुढे तो दोनदा हरला, याचेही आता मला वेगळे वाटते. साथियान कमी पडला असे मी म्हणणार नाही; माझ्या कल्याण केंद्रातल्या जोडीदाराबाबत ती चूक करून झाली आहे. एका मुरलेल्या जोडीसमोर एक असामान्य जोडीदार आणि त्याचा तरुण सोबती उभे होते. गोल्ड कोस्टला अंतर एका गुणाचे होते. हरणे आणि कमी असणे यांत फरक असतो, आणि तो फरक दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

७

या साऱ्याला आज महत्त्व का, ते सांगून थांबतो.

२००८च्या बीजिंगपासून ऑलिंपिकमधून पुरुष दुहेरी गेली. तिच्या जागी सांघिक स्पर्धा आली. त्यात तिघांचा संघ आणि दुहेरीचा एक सामना. म्हणजे दुहेरी पूर्ण संपली नाही, पण ती एकेरीच्या घरात भाडेकरू म्हणून राहिली. संघ निवडताना एकेरीचे तिघे बघायचे आणि त्यांतल्याच दोघांना दुहेरीला उभे करायचे, ही रीत त्यातून पक्की झाली. केवळ दुहेरीचा म्हणून घडलेल्या माणसाला तिथे जागा उरली नाही.

एप्रिल २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८च्या लॉस एंजेलिस स्पर्धेचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी परत आल्या आहेत. अथेन्सनंतर चोवीस वर्षांनी. पुरुष आणि महिलांच्या सांघिक स्पर्धा जाऊन त्यांच्या जागी मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे. आपल्याकडे निवडीची चर्चा सुरू होईल तेव्हा पहिला प्रश्न असेल, एकेरीच्या क्रमवारीत पुढे कोण आहे. माझ्या वह्या म्हणतात, तो प्रश्न दुसरा असावा.

पहिला प्रश्न कोणता असावा, याचे उत्तर आपल्याच मुलींनी देऊन ठेवले आहे. २०२३मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत सुतीर्था मुखर्जी आणि अयहिका मुखर्जी यांनी उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चेन मेंग आणि वांग यिदी यांना ३-१ असे हरवले. चेन मेंग ही टोकियो ऑलिंपिकची एकेरी विजेती; ती आणि वांग यिदी त्या वेळी दुहेरीतल्या विश्वविजेत्या. समोरच्या दोघी पश्चिम बंगालमधल्या नैहाटीच्या, एकमेकींचा खेळ मुळापासून ओळखणाऱ्या. चौघींची एकेरीतली कामगिरी मांडून बेरीज केली असती, तर या सामन्याचा निकाल कोणालाही सांगता आला नसता. पुढे उपांत्य फेरीत त्या उत्तर कोरियाच्या जोडीकडून ३-४ अशा हरल्या आणि कांस्यपदक मिळाले. आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीतले ते भारताचे पहिले पदक. त्या दिवशीच्या बातम्यांतही मला ‘कांस्यावर समाधान’ सापडले.

मुंबईचा सनिल शेट्टी आणि सुरतचा हरमीत देसाई यांनी गोल्ड कोस्टला पुरुष दुहेरीचे कांस्य जिंकले होते. माझ्या जुन्या वहीत त्या पदकाला दीड ओळ दिली आहे. शरथ-साथियानच्या पराभवाच्या बातमीखाली, जागा उरली म्हणून. ती नोंद मी गेल्या महिन्यात नव्याने लिहिली, एका पूर्ण पानावर. नव्या वहीत पदकाचा रकाना मी शेवटी ढकलला आहे. तारखेनंतर लगेच ‘कोणाबरोबर’ हा रकाना आहे.

माझ्या जिल्हा स्पर्धेची नोंदही मी त्याच पद्धतीने पुन्हा केली. त्या दोन कारकुनांची नावे मला आठवेनात. जोडीदाराला फोन केला. त्याला दोन्ही नावे आठवत होती. कोण सर्व्हिस करून कुठल्या बाजूला सरकायचा, हेही.